तीनशे अठरा, मिल स्ट्रीट

१७ फेब्रुवारी १९८८, बुधवार

डॉक्टर फिंक म्हणाले, "डोलोरेस, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरेल." म्हणून आजपासून लिहिते आहे. रक्तदाब उतरतो की वही फाटते, बघू.

आजपासून ईस्टरआधीचे उपास सुरू. कपाळाला राख लावून चर्चमधून घरी आले, चहा ओतला, पेपर उघडला आणि अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या वर्षीपासून सगळ्या जिल्ह्याला संकटात फिरवायचा एकच फोन नंबर मिळणार आहे. छान. मिळू दे. पण त्यासाठी म्हणे शहरात एका नावाचे दोन रस्ते चालणार नाहीत. दोघांपैकी एकाचं नाव जाणार. कुणाचं? तर नदीच्या ज्या बाजूला घरं कमी असतील त्याचं!

आमच्या बाजूला घरं कमी आहेतच. कमी कशानं झाली? यांनीच आमच्या उरावरून हायवे नेला म्हणून. आधी घरं पाडायची आणि मग म्हणायचं, तुमच्याकडे घरं कमी. याला काय म्हणावं!

हे शहर मुळात एक नव्हतंच. टर्टल नदीच्या पूर्वेला हार्मन आणि पश्चिमेला आमचं लँडिंग. कर्नल हार्मननं आपले रस्ते होकायंत्र लावून आखले, आमचं गाव वसवणाऱ्या टॅलबटनं नदीकाठ धरून. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्यानं मिल स्ट्रीट केला की यानं मिल स्ट्रीट करायचा, यानं चर्च स्ट्रीट केला की त्यानंही. आमचाच खरा, असं दोघंही म्हणायचे. मग १८७४ साली दोन्ही गावं एक झाली. शहराला नाव त्यांचं, कचेरी आमच्याकडे, असं ठरलं. ती कचेरी जळाली आणि "तात्पुरती" म्हणून पूर्वेला बांधली. त्याला आता सत्त्याहत्तर वर्षं झाली. अजून तात्पुरतंच चाललंय.

नाव गेलं, कचेरी गेली, घरं गेली. पाच वर्षांपूर्वी कागदाची गिरणी बंद पडली, तीही गेली. माझ्या नवऱ्यानं, एडनं, त्या गिरणीत अख्खा जन्म काढला. आता राहिलंय काय, तर कोपऱ्यावरच्या खांबावरची पाटी. तीही काढायला निघालेत.

लिहून झालं. राग तेवढाच आहे.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज पुलावर गिंथर भेटला. शनिवारी भेटतोच. तो पूर्वेच्या तीनशे अठरा, मिल स्ट्रीटमध्ये राहतो, मी पश्चिमेच्या. पत्त्यात 'पूर्व' किंवा 'पश्चिम' लावायचा नियम आहे, पण लावतो कोण? आम्ही का लावायचं? आमचा मूळचा आहे, दुसऱ्यानं लावावं. तेही तिकडे तसंच म्हणतात. त्यामुळे त्याचं टपाल माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. त्याची बायको होती तेव्हा ती यायची आणि एड जायचा. ते दोघे गेले आणि आम्ही दोघे उरलो.

पूल मधेच वाकडा आहे. दोन्हीकडचे रस्ते समोरासमोर येईनात, तेव्हा मधे कोपर काढून जुळवलाय. त्या कोपरात एक बाक आहे. तिथं आम्ही बसतो. आज मी त्याला बियाण्यांचं पुस्तक दिलं, त्यानं मला विजेचं बिल.

"काय हरुस्काबाई, नवीन नाव काय ठेवताय रस्त्याला?"

"नाव तुमचं जाणार आहे, गिंथर. आमची कागदाची गिरणी होती. चार मजली! तुमची काय, एक पिठाची चक्की."

"पण आधी कुणाची?"

"आणि पुरात वाहून कुणाची गेली?"

"पुरालासुद्धा चांगलीच गिरणी न्यावीशी वाटते," म्हणाला आणि स्वतःच हसला. मेला आपल्याच विनोदाला आधी हसतो.

शेवटी पैज लागली. जो आधी आपल्या पत्त्याला 'पूर्व' किंवा 'पश्चिम' जोडेल तो हरला. तोंडानं म्हटलं तरी हरला, लिहिलं तरी हरला. हरणाऱ्यानं दुसऱ्याला आमच्या सेंट लुडमिला चर्चमधलं शुक्रवारचं माशांचं जेवण द्यायचं, सोबत कोबी घालून परतलेल्या शेवया. गिंथर लूथरपंथी आहे, आमच्यासारखा शुक्रवारी मांस सोडून मासे खायचा उपासबिपास काही पाळत नाही, पण आमच्या माशांवर याचा डोळा.

"मरेन पण 'पूर्व' म्हणणार नाही," म्हणाला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

काल नगरसभेत बोलून आले. तिथं बोलायला उभं राहिलं की आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. मी सांगितलं, "डोलोरेस हरुस्का, तीनशे अठरा, मिल स्ट्रीट."

लिहून घेणारी मुलगी म्हणाली, "पूर्व की पश्चिम?"

"मिल स्ट्रीट."

"हो, पण कुठला?"

"जिथं गिरणी आहे तो."

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नगरसेवक स्टिलवेल कपाळाला हात लावून बसला होता. याला मी शाळेच्या खाणावळीत सहा वर्षं जेवायला वाढलंय. वाटाणे टाकून द्यायचा. आज तो मला सुरक्षितता शिकवतो! "मिसेस हरुस्का, हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे," म्हणाला. मी म्हटलं, "रॉजर, दीडशे वर्षं आम्ही दोन मिल स्ट्रीट घेऊन जगलो. कोण मेलं, ते सांग." त्यानं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

२७ फेब्रुवारी, शनिवार

पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो! दारात उभी आहे, डोक्यावर घराचा आकडा, हातात फलक, 'आमचा मिल स्ट्रीट'. खाली ठळक अक्षरांत, 'तीनशे अठरा, मिल स्ट्रीटच्या आजीबाई मागे हटणार नाहीत.' आजीबाई कुणाला म्हणतात कोण जाणे. पण पत्ता बरोबर छापलाय, पश्चिमबिश्चिम काही नाही. अख्ख्या शहरानं वाचला. बेकरीत, केस कापायच्या दुकानात, जिकडेतिकडे तेच. अग्निशामक केंद्रातल्या पोरांनी तर तो फोटो कापून भिंतीवर लावलाय म्हणे.

गिंथरनंही कापून आणला होता, दोन प्रती. एक मला दिली, एक परत खिशात घातली. "मला कशाला दुसरी," म्हटलं, तर म्हणतो, "तुमच्यासाठी नाही. शत्रूचा चेहरा ओळखीचा असावा." वर सांगतो, सोमवारच्या सभेत तोही बोलणार. बोल बाबा.

५ मार्च, शनिवार

पुन्हा म्हणून त्या माणसाचं तोंड बघणार नाही.

बोलता बोलता मी म्हटलं, गिरणी नाही तिथं मिल स्ट्रीट कशाला मिरवायचा? तो म्हणाला, "मग तुमची तरी कुठं आहे, हरुस्काबाई? पाच वर्षं झाली. धुराडंसुद्धा उतरवलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! एडचे दोन्ही कान त्या गिरणीनं नेले. शेवटी शेवटी त्याला माझा आवाज ऐकू येईना, म्हणून मला ओरडून बोलायची सवय लागली. आणि हा चक्कीवाला मला विचारतो, गिरणी कुठं आहे! मी उठून चालायला लागले. "अहो, टपाल राहिलं," म्हणून मागून ओरडत होता. ठेव तुझ्याकडेच.

१२ मार्च, शनिवार

गेले नाही. घरात कामं काय थोडी असतात?

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुलाचं कोपर दिसतं. बाकावर कोणीतरी बसलं होतं. पडदे धुवायला काढले तेव्हाही बसलेलं होतं, वाळत घातले तेव्हाही होतं. असेल कुणीही. पूल काही कुणाच्या बापाचा नाही.

त्याची टोमॅटोची रोपं आलीत माझ्याकडे, खोक्यात. पाणी घातलं. रोपांचा काय दोष?

१९ मार्च, शनिवार

रोपं मरायला नकोत म्हणून गेले. टाय लावून बसला होता. म्हटलं, कुणाचं लग्न? टाय सैल केला आणि म्हणाला, "गिरणीचं मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "नकोच होतं." झालं, मिटलं.

आज मात्र गबाळ्यासारखा वागत होता. माझी पाकिटं हातातून दोनदा पाडली. उजवा हात झोपेत अंगाखाली आला म्हणे, मुंग्या जात नाहीत. बोलताना मधेच एक शब्द सापडेना त्याला, "ते लाल... ते लाल," करत राहिला. मी म्हटलं, "टोमॅटो! रोपं हातात धरून टोमॅटो आठवत नाही, आणि निघालेत मिल स्ट्रीट वाचवायला." हसला. डोकं दुखतंय म्हणून लवकर गेला.

सोमवारी, अठ्ठावीसला मतदान आहे. मी चांगली तयारी केली आहे. चिडवायला म्हटलं, "गिंथर, पैज मोडायची असेल तर आताच सांगा. थकलेले दिसता."

"मरेन पण नाही," म्हणाला. म्हातारा हट्टी आहे.

२२ मार्च, मंगळवार

नखांतलं पीठ अजून निघालेलं नाही.

सकाळी मी कणीक मळत होते. बाहेर भोंगा वाजला आणि दाराशी लाल गाडी थांबली. अग्निशामकवाल्यांची रुग्णवाहिका. दोन पोरं खोकी घेऊन धावत वर आली.

"कुठं आहे पेशंट?"

"इथं कुणी पेशंट नाही! मी ठणठणीत आहे. हा काय प्रकार आहे? रॉजर स्टिलवेलनं पाठवलं का तुम्हाला? मला घाबरवायला?"

"बाई, फोन आला होता. तीनशे अठरा, मिल स्ट्रीट. माणसाला बोलता येत नव्हतं नीट. एवढंच म्हणाला आणि..."

मी पुढचं ऐकलं नाही. म्हटलं, "गिंथर! अरे गाढवांनो, तो गिंथर आहे! नदीपलीकडे!"

तशीच पिठाच्या हातांनी गाडीत चढले. एक पोरगा म्हणाला, "बाई, तुम्हाला आत बसता येणार नाही." मी म्हटलं, "मग टपावर बसते. चल!" चल म्हटलं.

आणि पुलाच्या कोपरात कचऱ्याची गाडी अडकलेली. त्या वळणावर मोठ्या गाडीला एकदा मागे घ्यावंच लागतं. समोरून दुसरी येऊन उभी. ही मागे जाईना, ती मागे जाईना. भोंगा वाजतोय, नदी खाली आपली निवांत वाहतेय, आणि पलीकडे गिंथरच्या घराचं छप्पर दिसतंय! मी दार उघडून खाली उतरले आणि दोन्ही ड्रायव्हरांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कर्नल हार्मनला शिव्या घातल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा टॅलबटलाही घातल्या. दोघा मेल्यांनी एक रस्ता सरळ समोरासमोर आणला असता तर काय बिघडलं असतं?

घरात पोचलो तेव्हा फोनचा रिसीव्हर लोंबत होता. गिंथर स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. डोळे उघडे होते. मला बघून काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. त्याच्या शर्टावर माझ्या हातांचं पीठ लागलं.

२३ मार्च, बुधवार

इस्पितळ त्यांच्याच बाजूला आहे, नेहमीप्रमाणे. झटका मेंदूला आलाय. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर." मी म्हटलं, थोडं आधी कुठून आणणार? तुमच्या शहराला स्वतःचे रस्ते माहीत नाहीत!

तिथून तडक अग्निशामक केंद्रात गेले. फोन घेणारा माणूस कोण, विचारलं. लारकिन नावाचा, तिशीचा असेल. मी त्याला फाडून खायचंच ठरवलं होतं.

"तू विचारलं नाहीस, पूर्व की पश्चिम?"

"विचारलं, बाई. तीनदा विचारलं. ते प्रत्येक वेळी 'मिल स्ट्रीट' एवढंच म्हणाले. मग आवाजच बंद झाला."

"मग आमच्याकडे का पाठवलीस गाडी? अंदाजपंचे?"

त्यानं नुसतं भिंतीकडे बघितलं. तिथं माझा फोटो लावलेला होता. 'तीनशे अठरा, मिल स्ट्रीट.'

"तुमचा पत्ता अख्ख्या शहराला पाठ आहे, बाई," म्हणाला.

वाहवा! म्हणजे पेपर वाचून रुग्णवाहिका पाठवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी काय सांगितलं होतं का त्याला फोटो लावायला? मी त्याला म्हटलं, काढ तो फोटो. त्यानं काढला. माझ्या हातात दिला.

घरी येऊन जेवले नाही. भूक नव्हती.

२६ मार्च, शनिवार

आज शनिवार म्हणून त्याचं टपाल घेऊन इस्पितळात गेले. तोंड एका बाजूला ओढलंय. शब्द अडकत अडकत येतात, पण येतात. खुणेनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"म्हटलं... नाही," म्हणाला.

"काय म्हटलं नाही?"

"पूर्व." आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसला. "तीनदा... विचारलं. नाही... म्हटलं. मासे... तुमच्याकडे."

माझं डोकंच फिरलं. "मूर्खा!" मी ओरडले. "अरे, 'पूर्व' म्हणायला काय जीव जात होता तुझा?"

म्हणून गेले आणि मग माझंच मला ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी अरेतुरे केलेलं नाही.

नर्स धावत आली. मला बाहेर काढलं. बरं केलं.

२८ मार्च, सोमवार

सभा खचाखच भरली होती. आमच्या बाजूचे सगळे आले होते, फलक घेऊन. माझा नंबर आला. उभी राहिले. समोर ती लिहून घेणारी मुलगी.

"नाव आणि पत्ता?"

"डोलोरेस हरुस्का. तीनशे अठरा..." एडची आठवण झाली. त्याचं धुराडं आठवलं. "तीनशे अठरा, पश्चिम मिल स्ट्रीट."

त्या मुलीनं वर बघितलं. मागे आमच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "डोली काय म्हणाली?"

"पश्चिम म्हणाले!" मी मागे वळून ओरडले. "कान आहेत ना? पश्चिम! घ्या ते नाव. देऊन टाकते. माझा विरोध संपला."

स्टिलवेलचा चेहरा खुलला. "धन्यवाद, मिसेस हरुस्का. ठराव झाला की जानेवारीपासून..."

"जानेवारी? आज मार्च आहे, रॉजर! तोवर कुणी पडलं तर कचऱ्याच्या गाडीतून नेणार आहेस का? मी विचारलं होतं, कोण मेलं ते सांग. अजून कुणी मेलेलं नाही. कुणी मरायची वाट बघू नकोस. उद्या सकाळी पाटी बदल. शिडी नसेल तर माझी नेऊन बदल!"

यावर म्हणे नियमानं चालावं लागतं. मग नवीन नावं वाचली. आमच्या रस्त्याला 'मेपल स्ट्रीट'! आमच्याकडे मेपलचं एक झाड नाही, होती ती हायवेसाठी यांनीच तोडली. मी म्हटलं, नाव आमचं घेताय तर गावाचं जुनं तरी परत द्या, 'लँडिंग स्ट्रीट' करा. ते समितीकडे पाठवलं. समिती! एकशे चौदा वर्षांपूर्वी नेलेली वस्तू परत मागितली तर समिती!

पण तारीख अलीकडे आणली. पाटी एक मेला बदलणार.

बाहेर पडताना आमच्या बाजूचे कुणी माझ्याशी बोलले नाहीत. चर्चमधली रोझमेरी तर तोंड फिरवून गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

१ एप्रिल, गुड फ्रायडे

उपासातली शेवटची पंगत आजची. मासे घेतले, कोबीच्या शेवया घेतल्या. रोझमेरीनं वाढताना डबा बघून विचारलं, कुणासाठी? म्हटलं, "पैज हरलेय." तिनं माझ्याकडे बघितलं आणि न बोलता आणखी एक तुकडा टाकला.

पुलावरून चालत गेले. कोपरातला बाक रिकामा होता.

गिंथरला उशा लावून बसवलं होतं. मी डबा उघडला. "हरले," म्हटलं. "भर सभेत म्हटलं. पश्चिम."

"पेपर... वाचला," म्हणाला. मग डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता काही चांगलं बोलेल. म्हणतो, "मी... जिंकलो."

उजवा हात उचलला जात नाही. मी काट्यानं एकेक घास भरवला. दोन घास खाल्ले आणि म्हणतो कसा, "गार... आहे."

"गार असणारच! वाकड्या पुलावरून पायी आणलाय. गरम हवा होता तर पूल सरळ बांधायचा होता तुमच्या कर्नलनं!"

तेवढ्यात नवीन नर्स आली. याला पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत, रोज कुणीतरी हाताला व्यायाम द्यायला येणार. ती पेन काढून म्हणाली, "मिस्टर गिंथर, घरचा पत्ता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे असे मिचकावले की मला सगळं कळलं.

"तीनशे... अठरा. मिल... स्ट्रीट."

"पूर्व की पश्चिम?"

तो गप्प. हसतोय नुसता. शेवई हनुवटीवर लोंबतेय आणि हा हसतोय.

"पूर्व!" मी ओरडले. "पूर्व लिही गं बाई! मोठ्या अक्षरात लिही! पूर्व! पूर्व!"

बाजूच्या खोलीतला कुणीतरी जागा झाला. डॉक्टर फिंकनी सांगितलंय खरं की ओरडू नका, लिहून काढा. पण काही गोष्टींना लिहीपर्यंत थांबून चालत नाही.